दोरीच्या तिसऱ्या भागाचा नवस

…आणि साखरच का सोडलीत, हे मात्र तुम्ही तरी विचारू नका! सगळं गणगोत विचारून गेलंय. अहो, नवस करायचा तर जीव अडकलेली गोष्टच सोडायला हवी ना? आमच्या जाऊबाई दर नवसाला वांगं सोडतात. वांगं! ज्या वांग्याने त्यांच्या जिभेला खाज सुटते ते वांगं! देव काय इतका खुळा आहे? त्याला वरून दिसत नाही, बाई काय सोडतेय आणि कशातून सुटतेय ते?

तर मी साखर सोडली. देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि स्पष्ट शब्दांत म्हटलं, "देवा, 'दोरी'चा तिसरा भाग येईपर्यंत मी चहात साखर घालणार नाही." झालं. बोलून गेले! नवस तो नवस, त्यात तडजोड नाही.

आता हसताय तुम्ही. हसा. ही पदर खोचून पोळपाटाशी उभी राहणारी बाई व्हिडिओ गेमसाठी नवस बोलते, म्हटल्यावर माणूस हसणारच. पण 'दोरी' म्हणजे काय ते आधी ऐका. दोन वाटसरू असतात, दोघांच्या कमरेला एकच दोरी, बरोबर सामान लादलेला घोडा, आणि डोंगर ओलांडून पलीकडे जायचं. एक पडला की दुसरा गेलाच! म्हणजे तसा संसारच की हो, फक्त यात पडल्यावर परत उभं राहता येतं.

ते गेमचं मशीन आणलं आमच्या ह्यांनी, मोठ्या हौसेने. आणि पहिल्याच दरीपाशी ह्यांना स्वतःलाच चक्कर आली! कोचावर बसल्या बसल्या! मग ते पडलं धूळ खात. इकडे सासूबाई गेल्यापासून मामंजी दिवसभर खिडकीपाशी. बोलणं नाही, चालणं नाही, जेवा म्हटलं की जेवायचे. एक दिवस मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांच्या हातात तो कंट्रोलर दिला आणि म्हटलं, "मामंजी, एवढं त्या माणसाला पुलावरून नेता का? मला काही जमत नाहीये." त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, म्हणाले, "स्टिअरिंग आहे होय हे? मग आधी नाही का सांगायचं!"

जन्मभर बस चालवलेला माणूस हो! घाटातली वळणं त्याच हातांनी काढलेली. पुलावरून नेलं त्यांनी वाटसरूला, पण मध्येच थांबले. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणतात, "घंटी कोण देणार? कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय माझी गाडी हलत नाही." झाली का पंचाईत! मग मी चहाच्या कपावर चमचा वाजवायला लागले. एकदा टिंग, थांबा. दोनदा टिंग-टिंग, चला. अशी आमची दुपार सुरू झाली. भांडी घासून झाली की मी दोरीच्या ह्या टोकाला, मामंजी त्या टोकाला, टिंग, टिंग-टिंग… आणि माणूस बोलायला लागला हो! "सूनबाई, डावीकडून घे." "सूनबाई, घोड्याला आधी जाऊ दे, तो आपल्यापेक्षा शहाणा आहे." घोड्यावर तर इतका जीव! उमदा घोडा, जातिवंत घोडा, असा घोडा होणे नाही!

आणि त्या मेल्या कंपनीने दुसऱ्या भागाच्या शेवटी काय केलं असेल? घोडा पलीकडे गेला आणि पूल तुटला! आम्ही अलीकडे, घोडा पलीकडे, मान वळवून आमच्याकडे बघतोय, आणि पडद्यावर अक्षरं… 'पुढील भागाची वाट पाहा.' मामंजी जेवले नाहीत त्या दिवशी. आता तुम्हीच सांगा, घोडा पलीकडे उपाशी उभा असताना इथे साखरेचा चहा गिळवेल कुणाला?

पण वाट पाहायची तरी किती? आधी म्हणाले उन्हाळ्यात येतो. मग म्हणाले, काम अजून बाकी आहे. मग एक जाहिरात आली, त्यात नुसता खुरांचा आवाज! आणि इकडे माझ्या साखरेची बातमी नात्यागोत्यात फिरलेली. नणंदेचा फोन, "वहिनी, साखर किती निघाली गं? लपवू नकोस हं!" शेजारीण एक कडू पाला घेऊन आली, म्हणाली, अनशापोटी चावा. आता तिला कसं सांगू, बाई गं, हे दुखणं रक्तातलं नाही, घोड्याचं आहे! जाऊबाई म्हणाल्या, "एवढं मनावर काय घेता, गूळ घाला चहात. गूळ म्हणजे काही साखर नव्हे!" मी कानांवर हात ठेवले. नवस तो नवस, त्यात तडजोड नाही.

पण खरं सांगू? काळजी घोड्याची नव्हती नुसती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मामंजींना सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, दोन्ही डोळ्यांत, ऑपरेशन करून टाका. हे ऐकून मामंजी असे तडकले! "मी? मी समोरच्या बसची पाटी वळणावरून वाचायचो! माझ्या डोळ्यांना सुरी लावणार?" चेहरा सगळा रागाचा, आणि खुर्ची मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेली हो. शेवटी म्हणाले, "तिसरा भाग येऊ दे, मग बघू." आता आलं ना लक्षात, मी साखर कशासाठी सोडली होती ते?

आणि आला! एकदाचा आला तिसरा भाग! मी आधी दिवा लावला, मग चहा केला, दोन चमचे साखर घातली, पहिला घोट घेतला… आणि काय सांगू, गोड सोसेना! जीभच विसरली होती! पण नवस फेडायचा म्हणून डोळे मिटून प्याले अख्खा कप.

बसलो खेळायला. अहाहा, काय चित्र काढलंय! सगळं वाळवंट, वर निळंभोर आभाळ, ऊन असं की पडद्याकडे बघून तहान लागावी. हे ऑफिसला निघाले होते, पायात मोजे चढवता चढवता म्हणाले, "बाप रे, काय ऊन आहे!" आणि मामंजी म्हणाले, "कसलं ऊन? धुकं बघ केवढं! पहिल्या भागापेक्षा दाट. वा, धुकं काय झकास केलंय!"

ह्यांनी तोंड उघडलं. मी ह्यांच्या मोज्यावर पाय दिला.

कारण मी ओळखते ना मामंजींना. तोंडावर सांगितलं असतं, तुमचे डोळे गेलेत, तर कंट्रोलर ठेवून परत खिडकीत जाऊन बसले असते, कायमचे. म्हणून मी गप्प. मी टिंग करायच्या आत मामंजी पुढे, धप्प, दरीत, आणि दोरीला बांधलेली मी त्यांच्यामागे! उठायचं, परत चालायचं, परत धप्प! इतकी पडले मी त्या वाळवंटात, की मला माझ्या वाटसरूचीच कीव यायला लागली. आणि मामंजींचं आपलं एकच, "काय धुकं आहे! काय धुकं आहे!" मी भीत भीत विचारलं, "मामंजी, ते डॉक्टरीणबाई म्हणत होत्या…" "हा खेळ संपू दे, मग बघू!" खेळ संपू दे? अहो, एक टेकडी ओलांडेना आमच्याच्याने, खेळ कसा संपणार?

आणि मग एके दिवशी जिन्यात, आमच्या जिन्याला शेवटची पायरी थोडी खाली आहे, मामंजींनी पाय टाकला तो नुसता हवेत. मी मागे होते म्हणून दंड धरला. दोघेही भिंतीला टेकून उभे राहिलो. ते म्हणाले, "दिवा नाही का लावायचा जिन्यात?" दिवा चालू होता हो. डोक्यावरच होता.

खेळात पडलं तर परत पहिल्यापासून सुरू करता येतं. जिन्यात नाही ना येत!

तशीच घरात आले, पाय न धुताच देवापुढे उभी राहिले आणि बोलून गेले, "देवा, मामंजी ऑपरेशनला हो म्हणू देत. 'दोरी'चा चौथा भाग येईपर्यंत मी कंट्रोलरला हात लावणार नाही." साखर तर नुकतीच परत मिळालेली, ती कशी देऊ? म्हणून म्हटलं, दुपारच घे माझी.

आता नवस बोलून हातावर हात ठेवून बसायचं नसतं, देवालाही थोडा हातभार लागतो. मी मामंजींना म्हटलं, "धुकं इतकं छान दाखवलंय, तर त्या गेमच्या दुकानदाराला दोन शब्द सांगायला नकोत का? बरं वाटेल त्याला." निघाले की लगेच, माझा हात धरून! दुकानदार म्हणजे एक नंबरचा तोंडाळ, भीड म्हणून नाही. मामंजी म्हणाले, "तिसऱ्या भागातलं धुकं फार आवडलं बरं का!" तो म्हणाला, "आजोबा, कुठलं धुकं? ह्या भागात ढगसुद्धा नाही. रणरणतं ऊन आहे सगळं. लोक तर तक्रार करतायत, डोळे दिपतात म्हणून!"

मामंजी तसेच मागे वळले. घरी आले, आपल्या जागेवर बसले, कंट्रोलर मांडीवर घेतला, आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, कंडक्टरने ड्रायव्हरला रस्त्याबद्दल खोटं सांगायचं नसतं. धुकं आहे का?"

कप जवळ होता. मी चमचा उचलला आणि एकदाच वाजवला. टिंग.

थांबले. मग म्हणाले, "बरं. उद्या त्या बाईंकडे जाऊ. पण घंटी तूच द्यायची, तोवर मी आत जाणार नाही." आणि खरंच, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात अडून बसले! मी पर्समधून कप काढला, चमचा काढला, टिंग-टिंग! नर्सबाई बघतच राहिल्या.

झाले दोन्ही डोळे, एकापाठोपाठ एक, अगदी लख्ख! घरी येऊन पडद्यासमोर बसले आणि ओरडले, "अगं, केवढं हे ऊन!" सुसाट सुटले. दोन टेकड्या, एक नदी, एकदाही धप्प नाही, आणि पलीकडे उभा आमचा घोडा! मामंजींनी डोळे बारीक केले, मोठे केले. "सूनबाई… हे तर खेचर आहे गं!" आता मला ते पहिल्या भागापासून दिसत होतं. पण कुणाच्या जातिवंत घोड्याचं खेचर आपण कशाला करावं?

आणि मी? मी मागे ट्रे घेऊन उभी! दोरीच्या माझ्या टोकाला आता आमचे हे. ह्यांना दरी दिसली की चक्कर येते, मग हे पडतात, मामंजी पडतात, खेचर नुसतं बघत राहतं. "अरे डावीकडे! अरे सूनबाई असती तर!" मामंजी वळून म्हणतात, "अगं, स्टिअरिंग नको धरूस, चमचा तरी वाजव!" हात शिवशिवतो हो माझा! पण चमचा वाजवला म्हणजे खेळलेच की मी. ती जाऊबाईंची गुळाची वाट झाली. नवस तो नवस, त्यात तडजोड नाही. मी आपली चहात साखर ढवळते, तीही कपाला चमचा न लावता.

आणि चौथ्या भागाचं कंपनीला विचारलं ह्यांनी, तर उत्तर आलं, 'अद्याप विचार नाही.' विचारच नाही! म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. एकट्या माझ्या नवसाने ती कंपनी हलायची नाही. तुम्हीही घरी जाऊन देवापुढे उभे राहा, आणि चौथा भाग येईपर्यंत काहीतरी सोडा. साखर सोडा, तिखट सोडा, दुपारची झोप सोडा, तुमचा जीव असेल ते सोडा…

फक्त, हात जोडते, वांगं नको हं!