अप्पांचं पथ्य

(स्वयंपाकघर. दार पुढे ओढून घेतलेलं. बाहेर गॅलरीत अप्पा कुंड्यांपाशी बसलेले.)

ताई : कानात काही नाही, घशातही काही नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारमारून पाहिलं. म्हणाले, आवाज चांगला खणखणीत आहे.

धाकटा : मग बोलत का नाहीत?

ताई : तेच डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

धाकटा : आणि?

ताई : तू आधी बस.

धाकटा : ताई, जीव टांगणीला लावू नकोस. काय म्हणाले अप्पा?

ताई : म्हणाले, "डॉक्टर, मी पथ्य पाळतोय."

धाकटा : कसलं पथ्य?

ताई : गोष्टी न सांगण्याचं! अरे, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस. जेवताना गोष्टीत एखादी लिफ्ट अडकवल्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांना. आणि हल्ली "मीठ दे" आणि "पुरे" एवढंच बोलतात. मला वाटलं, झटकाबिटका येऊन गेला की काय. चष्म्याचं दुकान बंद ठेवून धावत आले मी. आणि हे म्हणतात, पथ्य!

धाकटा : पण असलं पथ्य सांगितलं कुणी त्यांना?

ताई : तू.

धाकटा : मी? मी कधी?

ताई : पेपरात. तुझ्या त्या रविवारच्या सदरात. "तीच तीच गोष्ट ऐकावी लागली, तर ऐकणाऱ्याचा रक्तदाब चढतो, असं एका विद्यापीठाच्या पाहणीत आढळून आलं आहे." डॉक्टरांना घडाघडा म्हणून दाखवलं. वर म्हणाले, "मुलाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत हो. मीच चढवत होतो, मला काय माहीत!"

धाकटा : अरे देवा.

ताई : डॉक्टर म्हणाले, मी नाही बुवा कुठे वाचलं. कुठलं विद्यापीठ रे ते?

धाकटा : आता कुठे आठवतंय. असेल कुठलंतरी.

ताई : माझ्याकडे बघून सांग.

धाकटा : हळू बोल ना, गॅलरीत ऐकू जाईल.

ताई : माझ्याकडे बघ आधी.

धाकटा : नव्हतंच विद्यापीठ.

ताई : म्हणजे?

धाकटा : म्हणजे कुणी असलं काही शोधलंच नाही. एरवी मिळतं गं काहीतरी. मांजरं, मोजे, जांभया. जगात कुणी ना कुणी कशाचा तरी अभ्यास करतच असतं. त्या आठवड्यात काहीच सापडेना. संपादकांचे फोनवर फोन. आणि अप्पा माझ्या खुर्चीमागे उभे राहून इन्स्पेक्टरची गोष्ट सांगत होते.

ताई : लिफ्ट तपासायला आला आणि लिफ्टमध्येच अडकला, तो?

धाकटा : तोच. माझं डोकं फिरलं होतं. हात टाइप करतच होते. लिहून टाकलं.

ताई : अप्पा मागे उभे असताना?

धाकटा : त्यांच्याकडे चष्मा नव्हता.

ताई : चष्म्याचं मला सांगू नकोस. लाज नाही वाटली?

धाकटा : तेव्हा हसू आलं. लाज आत्ता वाटतेय. कानाच्या पाळ्या गरम झाल्यात बघ.

ताई : होऊ दे. तुझं लिहिलेलं ते कसं वाचतात, ठाऊक आहे? तू लिहिलंस डाव्या बाजूने चावावं, तर डाव्या बाजूने चावतात. तिकडे दाढ नाही त्यांना! रविवारी सकाळी खाली जाऊन रखवालदाराला वाचून दाखवतात. "आमचा मुलगा तपासल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही," म्हणतात.

धाकटा : पुरे ना गं.

ताई : का? रक्तदाब चढतोय?

धाकटा : ऐक, यातून वाट निघेल. पुढच्या रविवारी लिहितो, नव्या पाहणीत उलटं निघालं. जुन्या गोष्टी ऐकल्या की रक्तदाब उतरतो म्हणून. वाचतील, खूश होतील, बोलायला लागतील.

ताई : शाबास! एक थाप झाकायला दुसरी थाप.

धाकटा : मग काय करू? खरं सांगितलं तर माझं एक अक्षर तरी वाचतील का पुन्हा? नोकऱ्या धरल्या नि सोडल्या, दुसरं काही धड जमलं नाही मला. या एका गोष्टीचा अभिमान आहे त्यांना.

ताई : आणि तो अभिमान टिकावा म्हणून त्यांनी मुकं बसायचं? अप्पा! आत या जरा.

धाकटा : ताई, थांब ना!

अप्पा : काय गं? चहा झाला?

ताई : झाला. याला काहीतरी सांगायचंय.

धाकटा : अप्पा, ते रक्तदाबाचं लिहिलं होतं ना मी...

अप्पा : पाळतोय की. तुझी गोळी कमी झाली का?

धाकटा : नाही. अप्पा, ते खरं नव्हतं. कुणी पाहणी केली नाही, काही नाही. मी मनानेच लिहिलं.

अप्पा : छापून आलं होतं.

धाकटा : मीच दिलं छापायला.

अप्पा : हं. मग त्यात ते एक गृहस्थ होते, ज्यांच्या गोष्टीची गाडी रोज त्याच खांबाला धडकते, ते?

धाकटा : ते...

अप्पा : मी मोठ्याने वाचलं ते, खाली. खूप हसलो. म्हटलं, असतात बाबा अशी माणसं. रखवालदार काही हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ताई : म्हणजे तुम्हाला कळलं होतं?

अप्पा : गृहस्थ कोण ते कळलं. पाहणी खोटी असेल, हे नाही कळलं. म्हटलं, थट्टा केली तर केली, पण पोराच्या जिवाला त्रास आहे ना.

धाकटा : अप्पा, मला वर बघायला तोंड नाही.

अप्पा : मग खाली बघ. डावीकडून चावायचं, ते?

धाकटा : ते नाही बनवलं मी. कुणीतरी केलाय तो अभ्यास.

अप्पा : आणि झाडाशी बोललं की झाड जोमाने वाढतं, ते?

धाकटा : तेही वाचूनच लिहिलं होतं.

अप्पा : बरं झालं. इतके दिवस त्या कोपऱ्यातल्या कुंडीला इन्स्पेक्टर सांगतोय. नाहीतर मेहनत फुकट गेली असती.

ताई : कुंडीला सांगत होतात?

अप्पा : तिला कुठे रक्तदाब आहे?

धाकटा : पुढच्या रविवारी छापतो मी, ते खोटं होतं म्हणून. माझं नाव घालून.

अप्पा : संपादक काढून टाकतील.

धाकटा : काढू देत.

अप्पा : छाप मग. रखवालदाराला मीच वाचून दाखवीन.

धाकटा : अप्पा...

अप्पा : आता काय?

धाकटा : तो इन्स्पेक्टर आत अडकला, तेव्हा तुम्ही कुठल्या मजल्यावर होता?

अप्पा : तुला पाठ आहे ते.

धाकटा : असू दे. सांगा ना.

अप्पा : सकाळची गोळी घेतलीस?

धाकटा : नाही अजून.

अप्पा : आधी ती घे. मग सांगतो.