क्षमा केल्याची पोच

नाही हो, न कळवता खणलं असं मी म्हणणारच नाही! खोटं बोलून मला कुठे जायचंय? आणि तुम्हाला सांगते, आमच्या गल्लीतल्या रस्त्याबद्दल आम्हाला जेवढं कळवलं गेलंय ना, तेवढं माझ्या लग्नात सासरच्यांना माझ्याबद्दल कळवलं नव्हतं! दाराखालून पत्रक आलं, फोनवर निरोप आला, भोंगा लावलेली गाडी फिरली, "रहिवाशांनो, आपला रस्ता सुधारत आहे!"... आणि सूचनाफलकाचा खांब रोवायला त्यांनी एक खड्डा खणला, त्या खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून शेजारी धोक्याचा फलक लावायचं ठरलं, मग त्याच्या खांबासाठी दुसरा खड्डा, त्यात कुणी पडू नये म्हणून तिसरा... असे अकरा झाले, तेव्हा रस्त्याच्या कामाला अजून सुरुवातच व्हायची होती. पण कळवलं होतं हं त्यांनी, प्रत्येक खड्डा कळवला होता!

पहिल्या पत्रकात लिहिलं होतं, "काम चार दिवस चालेल, वयोवृद्धांची सोय पाहावी." आता आमच्या घरात वयोवृद्ध म्हणजे सासूबाई, कंबरेच्या दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या, वॉकर धरून एकेक पाऊल टाकणाऱ्या. म्हटलं, चार दिवस नणंदेकडे राहतील. नणंद कुठे राहते? समोर! आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत माझी बावीस पावलं, सासूबाईंची साठ. चौघांच्या देखरेखीखाली पोचवल्या, चार साड्या दिल्या, औषधं दिली, आणि पाचव्या दिवशी बघते तर आमच्या दोघींच्या मधे पुरुषभर खोल चर, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! आम्हाला पलीकडे जायला लोखंडी जिने उभे केले, अठरा पायऱ्या वर, अठरा खाली. त्या जिन्यावर वॉकर कसा चढायचा? आमचे हे म्हणाले, "आई, खुर्चीत बसवून उचलून आणतो." तर सासूबाई तिकडून कडाडल्या, "खबरदार! त्या घरात मी चालत आले होते, परत येईन तीही चालतच!"

तेव्हापासून सात महिने झाले.

रागावू कोणावर? तशा त्या दिसतात ना रोज... दिसतात म्हणजे काय, नणंदेच्या गॅलरीतून माझी स्वयंपाकघराची खिडकी सरळ समोर! मी गॅसपाशी उभी राहिले की फोन वाजलाच. "दूध बघ गं, उतू चाललंय!" बघावं तर खरंच उतू चाललेलं. "बोटाला चिंधी कसली? विळी लागली? हळद लाव." घरात होत्या तेव्हा त्यांना चष्म्याशिवाय पेपर दिसत नव्हता हो! पण संध्याकाळी त्यांची रिकामी खुर्ची पुसताना मला गलबलून यायचं, तेव्हा मात्र फोन यायचा नाही. त्याही आत निघून जायच्या. म्हणून मी देवासमोर उभं राहून नेम धरला, सासूबाई स्वतःच्या पायांनी या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत साखरेचा कण तोंडात घालणार नाही. चार दिवसांचा तर प्रश्न होता, असं वाटलं होतं मला. तुम्ही सात महिने बिनसाखरेचा चहा प्यायलाय का? देवाची आठवण प्रत्येक घोटाला येते.

आणि निरोप रोज! सकाळी बरोबर आठला फोन टुणकन वाजतो. "आज आपल्या रस्त्यावर खोदकाम होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व." दुसऱ्या दिवशी, "काल चुकीच्या जागी खोदल्याने आज बुजवण्यात येईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व." तिसऱ्या दिवशी तर, "आज आपल्या रस्त्यावर काहीही होणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व." आणि खरंच हो, शब्दाला जागले, काहीही झालं नाही! पण कळवलं होतं हं त्यांनी.

शिवाय दर सोमवारी एक साहेब यायचे, इस्त्रीचा सदरा, हातात कागद. गल्लीत त्यांचं नावच पडलं होतं, कळवणारे साहेब. मी एकदा पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊ, रस्ता कधी करणार तुम्ही?" ते दचकलेच! "ताई, आम्ही रस्ता करत नाही. आम्ही कळवतो. करणारं खातं वेगळं." म्हटलं, "ते कुठे असतं?" तर मान खाली घालून म्हणाले, "ते आम्हाला अजून कळवलेलं नाही."

मग एके सकाळी दिवा लावून हात जोडले, नेहमीसारखं म्हटलं, देवा, चुकलंमाकलं पोटात घाल... आणि फोन वाजला. गैरसोयीबद्दल क्षमस्व. माझ्या काळजात चर्र झालं! अहो, दोनशे बारा दिवस कुणीतरी माझ्या दारात उभं राहून क्षमा मागतंय, आणि मी निरोप पुसून भाजी निवडायला बसते? मी रोज देवाकडे मागते आणि देताना हात आखडते? तशीच उठले, चपला घातल्या, छत्तीस पायऱ्या चढले-उतरले आणि त्यांच्या कार्यालयात गेले.

खिडकीत एक बाई होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तक्रार तीन नंबरला."

"तक्रार नाही हो, मी क्षमा करायला आलेय."

त्यांनी मान वर केली. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "काय करायला?"

"तुम्ही रोज मागता ना, क्षमस्व म्हणून? ती द्यायला आलेय."

मग काय सांगू तुम्हाला, आतून चार माणसं बाहेर आली! एक म्हणतो, "ही आवक की जावक?" दुसरा म्हणतो, "मागितली आपण होती, म्हणजे आवकच." तिसरा म्हणतो, "पण नमुना कुठेय? आजवर कुणी दिलीच नाही!" शेवटी त्या बाईंनी कोऱ्या कागदावर मजकूर सांगितला, मी लिहिला. "मी, खाली सही करणार, गैरसोयीबद्दल पूर्णपणे व कोणत्याही दबावाविना क्षमा करत आहे." शिक्का मारला, पोच दिली. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं हो. म्हणाल्या, "एकोणीस वर्षं या खिडकीत बसते ताई, पहिल्यांदा कोणी ओरडलं नाही." इतकं हलकं वाटलं मला! घरी आले ती पोच देवापाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी खणायचं यंत्र निघून गेलं.

माणसं गेली, तंबू गेला, पाण्याचं पिंप गेलं. चर तेवढा राहिला. आणि आठ वाजता निरोप आला. "रहिवाशांनी क्षमा केल्याने गैरसोय संपुष्टात आली असून काम पूर्ण झाल्याचे समजण्यात येत आहे." बघा! कळवलं हं त्यांनी, लगेच कळवलं!

आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात, ते तरातरा खाली आले. "वहिनी, सही कोणाची आहे यावर?" मी म्हटलं, "माझी." "अहो, मी सात महिने एकतीस तक्रारी केल्या, त्या जोरावर काम निदान पडून तरी होतं! तुम्ही ते पूर्ण करून टाकलंत! आत्ताच्या आत्ता जा आणि क्षमा मागे घ्या!" आमचे हेसुद्धा म्हणाले, "जाऊन ये ना गं, आईसाठी."

आता तुम्हीच सांगा, दिलेली क्षमा परत कशी घ्यायची? देवाच्या साक्षीनं दिलेली! आणि नाही घेतली तर सासूबाई कायमच्या पलीकडे. माझा जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी सासूबाईंनाच फोन केला, रडतच सगळं सांगितलं. त्या गॅलरीत उभ्या, मी खिडकीत. म्हणाल्या, "तू मागे घेऊ नकोस. तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते. तू क्षमा केलीस ना? मी कुठे केलीय?"

त्यांनी नणंदेला कागद घ्यायला लावला. "मी, खाली सही करणार, अजिबात क्षमा करत नाही. जिवंत आहे तोवर करणार नाही." कार्यालयात धावपळ उडाली! नियम असा निघाला की क्षमा बाकी असेल तोवर काम बाकी. मग त्यांनी नकाशा काढला, माझी क्षमा आमच्या बाजूला लागू, सासूबाईंची नाराजी त्यांच्या बाजूला. यंत्र परत आलं आणि नऊ दिवसांत, नऊ हो, पलीकडचा अर्धा रस्ता आरशासारखा गुळगुळीत झाला! बरोबर मधोमध खडूची रेघ. रेघेच्या अलीकडे आमचा चर तस्साच.

तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी वॉकर घेऊन तीस पावलं चालत येतात, रेघेपाशी खुर्ची टाकून बसतात. मी अलीकडच्या काठावर स्टूल टाकते. मधे चार हात खड्डा. दोघींच्या हातात चहा. परवा नणंद सहज बोलून गेली, "आईनं सात महिन्यांत साखर घेतली नाही, काय नेम धरलाय कोण जाणे." तीन चमचे घेणारी बाई! मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या एकदम म्हणाल्या, "तुझा पदर बघ, चहात बुडतोय."

आणि आज आठ वाजता तिथेच बसल्या बसल्या फोन वाजला. "आपल्या बाजूचे काम याआधीच होऊ शकले असते. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

सासूबाई तिकडून ओरडल्या, "अगं, नवीन क्षमस्व आहे! म्हणजे फाइल पुन्हा उघडली! आता तरी मन घट्ट कर, नऊ दिवस कळ काढ!"

मी कपात बघत बसले.

"इकडे बघ. केलीस ना क्षमा?"

काय करू हो, मागितल्यावर राहवतं का? "केली," म्हटलं, "वाचता वाचताच झाली... पण सासूबाई, तुमची शपथ, ह्या वेळी मी त्यांना कळवलेलं नाही!"