घरचीच पंचवीस-तीस माणसं

नाही, नाही, चहा राहू द्या, राघोशेठ — म्हणजे नको असं नाही, घेईन, तुम्ही म्हणाल तर दोन कप घेईन, पण आधी मला बोलू द्या, नाहीतर तो चहा घशाखाली उतरायचा नाही. डोंबिवलीवरून रिक्षा बदलत बदलत आलोय, कोलशेतला कुणालाही विचारा राघोशेठचं घर, असं तुमचा दिपेश एकदा म्हणालेला, तर खरंच कुणालाही विचारलं, त्या समोरच्या किराणावाल्याने तर दारापर्यंत आणून सोडलं. आणि विचारतो कसा — तुम्ही मुलीकडचे ना? मी हो म्हटलं आणि तो गप्पच झाला. म्हणजे त्याला पण माहितीय. सगळ्या गावाला माहितीय. असणारच, सगळं गाव तर होतं काल हॉलमध्ये! ... नाही, टोमणा नाही हो, टोमणा नाही, ही जीभच अशी आहे. बघा, अजून बसलो पण नाही आणि सुरू झाली.

बसतो. हां. तर मी सकाळी फोन केलेला तुम्हाला, विचारलं, राघोशेठ, काल साखरपुड्यात जे झालं ते झालं, पण पोरांच्या लग्नाचं काय? तुम्ही म्हणालात, "बघू." आणि ठेवलात फोन. बघू! आता मला सांगा, बघू म्हणजे काय? हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, पण बघू म्हणजे काय धरायचं माणसाने? आपल्याकडे बघू म्हणजे नाहीच असतं. पाव्हण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून बघू. सरोजने — माझ्या बायकोने — फोन स्पीकरवर ऐकला आणि खालीच बसली. संचिता आतल्या खोलीत आहे, कालपासून. बाहेर आलेली एकदा, पाणी प्यायला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठी आहे अजून बोटात, काढली नाहीये, पण आईला म्हणाली, दिपेश फोन उचलत नाहीये, आई, मी ही कुठल्या तोंडाने घालून बसू? माझी एकुलती एक पोरगी हो. तुमच्या नातवाशिवाय तिला दुसरं काही दिसत नाही, चार वर्षं झाली, मला सांगायला घाबरत होती म्हणून चार वर्षं. मी नाही म्हणेन म्हणून नाही — मी काहीतरी चूक काढेन म्हणून. असं ती आईला म्हणालेली. मला नंतर कळलं.

म्हणून आलोय. पाया पडायला आलोय असंच समजा. पण राघोशेठ, माझी बाजू तर ऐकाल? तुम्हीच म्हणालेलात की नाही, आमच्या घरी, सोफ्यावर बसून — आमची काय, घरचीच मानसा, पंचवीस-तीस येतील? म्हणालेलात ना? सरोज साक्षीला आहे. मी तिथेच विचारलेलं, नक्की पंचवीस की तीस? तुम्ही हसलात, पान तोंडात टाकलंत आणि म्हणालात, अहो, धरा तीस. मी धरले तीस! मी आयुष्यभर कंपनीत क्वालिटीला होतो, राघोशेठ, मला कुणी तीस सांगितलं की मी तीसच धरतो, मला दुसरं येतच नाही. आणि काल काय बघतो, तर खाली दोन लक्झरी बस, मागे टेम्पो ट्रॅव्हलर, त्याच्या मागे गाड्या, बाइकवरची पोरं वेगळीच, आणि बायका उतरतायत, उतरतायत, उतरतच आहेत, सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या साड्या. दोनशेच्या वर माणूस! मी सरोजला म्हटलं, ही घरची? आणि ही जर घरची तर बाहेरची किती असतील?

हो, कळलं नंतर मला. दिपेश म्हणालेला संचिताला. तुमच्यात खरा आकडा सांगत नाहीत, मुलीच्या बापाला धसका बसू नये म्हणून कमीच सांगायचा, आणि मुलीच्या बापाने आपलं समजून सहापट-सातपट धरायचं. मान ठेवायची रीत आहे म्हणे ती. असेल. पण मला कोण सांगणार ती रीत? आम्ही साताऱ्याकडचे, आमच्याकडे उलटं, तीस येणार असतील तर पन्नास सांगतात, ताट कमी पडायला नको म्हणून. आणि मला दोन्ही रिती सहन होत नाहीत, हा माझा रोग. पेपरात आलं, एकशे दहा टक्के प्रयत्न करू, की माझा सकाळचा चहा कडू. अहो, शंभराच्या वर टक्का कुठून आणणार आहात? कुणी म्हणालं, तुला हजार वेळा सांगितलं, तर मी विचारतो, मोजलंस? निघालोच म्हणणारा माणूस अजून टॉवेलवर असतो, आणि मी तो येईपर्यंत गॅलरीत उभा. माझा सख्खा भाऊ नाथा, त्याने कल्याणला फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला सगळ्यांना सांगतोय, स्टेशनपासून पाच मिनिटं. मी घड्याळ लावून चालत गेलेलो. बावीस. सत्यनारायणाच्या पूजेत, भटजींसमोर, त्याच्या सासरच्या माणसांसमोर सांगितलं मी, नाथा, बावीस. काय मिळालं मला? हसू नका. नाही, हसा. तुम्ही हसलात तर मला बरंच वाटेल.

बरं, तर हॉलचं सांगत होतो. दीडशे पानं सांगितलेली मी केटररला, प्रीतम म्हणून पोरगा आहे, चांगला आहे. तीस तुमची, एकशेवीस आमची. अंगठ्या घालून झाल्या, सगळं छान, संचिता इतकी हसत होती की फोटोवाला म्हणाला, ताई, जरा कमी हसा. मग जेवणं. वयस्कर माणसांना टेबलाशी बसवलेलं, ताटं वाढायला घेतलेली — आणि मी तो माइक घेतला. ... हो, माहितीय मला काय बोललो ते. पाठ आहे. रात्रभर तेच ऐकतोय. "कोलशेतच्या मंडळींनी तीस माणसं कळवलेली होती, तरी पहिल्या तीस जणांनीच आता बसून घ्यावं, बाकीच्यांनी कृपया उठावं." कृपया म्हणालो! जसं काही कृपया म्हटलं की झालं. आणि तुमच्या मोठ्या बहीण, गोदाआत्या, त्यांच्या ताटात पुरी वाढलेली, घास मोडून हातात घेतलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. घास परत ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला, आणि उठल्या. त्यांच्या पाठोपाठ दुसरी बाई उठली, मग तिसरी, मग अख्खा हॉल. खुर्च्यांचा आवाज तेवढा. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं हो, शिव्या द्यायच्या होत्यात, ती बाइकवरची पोरं मला दोन ठेवून गेली असती तरी चाललं असतं. सगळे गप्प खाली उतरले आणि बसमध्ये जाऊन बसले. दिपेश पण. तो दारात थांबला एकदा, मागे वळला, आणि मग गोदाआत्यांचा हात धरून जिना उतरला. उतरायलाच हवं होतं त्याने. मी असतो तरी उतरलो असतो.

काय? ... आमची एकशेवीस? हो, येत होती ना. रविवार होता, शिळफाट्याला ट्रॅफिक — तुम्हाला माहितीच आहे शिळफाटा. कुणी वाटेत होतं, कुणी... असं बघा, फोनवर सगळे म्हणालेले, शंभर टक्के येतो. तेच तर म्हणतोय मी! लोकांच्या शब्दाला काही अर्थच राहिलेला नाही. शंभर टक्के म्हणतात आणि —

नाही, जेवण पुरलं असतं तसं. म्हणजे, प्रीतम आलेला माझ्याकडे, म्हणाला, काका, टेन्शन घेऊ नका, पाऊण तासात पुऱ्या आणि मसालेभात अजून येतोय, जिलबी तर भरपूर आहे. मी त्याला पण म्हटलं, पाऊण तास म्हणजे पाऊण तासच ना? तो बिचारा हसला. आणि आलं पण जेवण. तुमच्या बस गेल्या आणि मागून टेम्पो आला. सगळं तसंच पडलेलं, रात्री आम्ही वाटत होतो, वॉचमनला, शेजारच्या बिल्डिंगमध्ये...

काय म्हणालात? मग माइक कशाला घेतला?

... हां. बरोबर आहे. विचारणारच तुम्ही. जेवण पुरणार होतं तर माइक कशाला घेतला? सरोजने पण हेच विचारलं. संचिताने नाही विचारलं, तिला बहुतेक माहितीय. पाणी देता का जरा?

चौदा. चौदा माणसं आलेली आमची, राघोशेठ. एकशेवीसातली. त्यात चौघं सरोजच्या भिशीतली आणि एक आमचा दूधवाला. नाथा आला नाही. माझा भाऊ, स्टेशनपासून बावीस मिनिटांवर राहतो, आला नाही. कंपनीतलं कुणी नाही. सोसायटीतलं कुणी नाही, तिथे मी सेक्रेटरीच्या प्रत्येक नोटिशीवर लाल पेनाने आकडे दुरुस्त करतो ना. महिनाभर फोन केले मी, एकेकाला. डाव्या बाजूच्या सगळ्या खुर्च्या मीच राखून ठेवायला लावलेल्या, आमच्या माणसांसाठी, त्यांना पांढरी कव्हरं घालून लाल रिबिनी बांधलेल्या. त्या रिकाम्या. आणि मी बघतोय, तुमची माणसं येतायत, ज्यांनी माझ्या पोरीला कधी बघितलेलं पण नाही, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कठड्याला धरून जिना चढतायत, आणि वर येऊन तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडतायत. जागा नव्हती म्हणून ती माणसं हळूहळू आमच्या खुर्च्यांवर बसायला लागली. रिबिनी सोडून बसली. बसणारच, रिकाम्या होत्या. आणि मला ते बघवेना. मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, मुलीकडचे कुठे आहेत? जीव जळत होता हो माझा. तुम्ही एका शब्दावर दोनशे माणसं उठवून आणता आणि तोंडाने तीस म्हणता, आणि मी एकशेवीस म्हणतो आणि... मला त्यांना उठवायचं होतं. जेवणावरून नाही. त्या खुर्च्यांवरून. झालं, सांगितलं. हे मी सरोजला पण नाही सांगितलेलं.

आता काय ते बोला. मला शिक्षा करा, लग्नात येऊ नको म्हणा, नाही येणार. कन्यादानाला नाथाला बसवा, माझ्यासाठी नाही आला, पण पुतणीसाठी येईल कदाचित. पण पोरीला नाही म्हणू नका. ती माझ्यासारखी नाहीये. ती कधीच कुणाची चूक काढत नाही, माझ्या घरात वाढून सुद्धा. तिला तुमच्या घरात यायचंय कारण तुमच्या घरात माणसं आहेत, राघोशेठ, असं ती स्वतः म्हणालेली, आणि मी तेव्हा म्हटलेलं, किती माणसं, आकडा सांग! अरे देवा. अरे देवा... बघू म्हणू नका. हवं तर नाही म्हणा, पण बघू म्हणू नका, मी तो शब्द घेऊन घरी जाऊ शकत नाही.

का उठलात? कुणाला हाक मारताय? ... नको, राघोशेठ, त्यांना नको. मी तुमच्याशी बोलायला आलेलो. त्यांच्यासमोर मला — तुम्हीच सांगा ना त्यांना. काय? त्याच ठरवणार? घरात सगळं त्याच...

गोदाआत्या. नमस्कार करतो. नाही, पाया पडू द्या, पडू द्या मला. बसा तुम्ही. इथे, खुर्चीवर बसा, मी उभा राहतो. नाही, मी नाही बसणार, तुम्ही बसा आधी. बसा. ऐकलंत का सगळं आतून? ... मी काल — मी ते — आत्या, मला बोलताच येत नाहीये. आयुष्यभर बोलत आलो आणि आता...

काय म्हणालात? हळदीला? म्हणजे हळद... म्हणजे आहे ना हळद? आहे? अहो, थांबा, मला जरा... हो, हो, ऐकतोय. तुमच्या अंगणात, मांडव घालून, हो, तुम्ही म्हणाल तसं. आमची किती? आमच्याकडची माणसं किती धरायची, असं विचारताय?

आमची... आमची धरा शंभर — नाही. थांबा. खोडा ते.

दोन. मी आणि सरोज. ... नाही, आत्या, अंदाजे नाही. दोनच.