माझा तिसरा निरोप

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या प्रकाशनसंस्थेचे मालक, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, माझे सहकारी, छापून आलेले लेखक, अजून छापून न आलेले आणि म्हणून मागच्या रांगा धरून बसलेले लेखक, आणि दुसऱ्या रांगेत बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारे आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या निरोपाचा हा तिसरा समारंभ. हसू नका, खरंच तिसरा. पहिला झाला सात वर्षांपूर्वी, मी अठ्ठावन्नची झाले तेव्हा. भाषणं झाली, मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि शेवटी मालक माईकपाशी येऊन म्हणाले, "बाईंना आम्ही सोडणार नाही. आणखी तीन वर्षं!" टाळ्यांचा कडकडाट. भरल्या सभागृहात नाही कसं म्हणायचं? मी हात जोडले. दुसऱ्यांदा प्रवासाची बॅग मिळाली आणि पुन्हा तेच. "आणखी चार वर्षं!" त्या टाळ्या ऐकताना कुणीतरी बाहेरून कडी घालतंय असं वाटत होतं मला. घड्याळ माझ्याच टेबलासमोर लागलं. बॅगेत आता न वाचलेली हस्तलिखितं असतात. बॅग कुठे गेली नाही आणि मीही नाही.

आज तिथे तो खोका दिसतोय. आकारावरून वाचनाचा दिवा असावा. आता मला सांगा, घरी निघालेल्या माणसाला कुणी टेबलाला अडकवायचा दिवा देतं का? मालकांच्या खिशातून घडी घातलेला एक कागदही डोकावतोय. असो.

नव्या मंडळींना माझं काम सांगते. टपालाने जे येतं ते सगळ्यात आधी मी वाचते आणि छापावं की परत करावं ते लिहून देते. सत्तावीस वर्षं हेच केलं. तुमच्यापैकी पुष्कळांना आलेलं ते तीन ओळींचं नकाराचं पत्र माझ्याच हातचं. माझी एक खोड आहे. मी पहिलं पान वाचतच नाही, एकेचाळिसाव्यापासून सुरुवात करते. सुरुवातीची पानं प्रत्येकजण घासूनपुसून पाठवतो, पुढे दमतो. तेव्हा मंडळी, एकेचाळिसावं पान जपून लिहा.

मागे खिडकीजवळ शिवणकाम करणाऱ्या एक ताई बसल्या आहेत. त्यांची कादंबरी मी चार वेळा परत केली. चौथ्या वेळी त्या स्वतःच कार्यालयात आल्या. म्हटलं, आता भांडतील. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, गिऱ्हाईक कपडा परत आणतं तेव्हा मी आधी विचारते, कुठे दाटतोय? तुम्ही आपलं नुसतं 'परत' लिहून मोकळ्या. कुठे दाटतंय ते सांगा की!"

मी सांगितलं, मधली साठ पानं.

"एवढंच ना? उसवते," म्हणाल्या. पाचव्यांदा आलेली ती कादंबरी आम्ही छापली. त्या दिवसापासून मी नकाराच्या पत्रात चौथी ओळ लिहू लागले, कुठे दाटतंय ती. आणि खाली लिहायचे, पुन्हा पाठवा.

जाता जाता ताईंनी विचारलं होतं, "तुम्ही नाही का काही लिहीत?" मी म्हटलं, "नियम आहे."

नियम असा, की दुसऱ्यांची पुस्तकं पारखणाऱ्याने नोकरीत असेपर्यंत स्वतःचं पुस्तक कुठेही पाठवायचं नाही. पाठवलं, तर त्याच दिवशी नोकरी संपली. रुजू होताना मी त्यावर सही केली आहे. माझी कादंबरी बावीस वर्षांपूर्वी लिहून झाली. ती कपाटात चादरींखाली ठेवलेली होती. पहिल्या निरोपाच्या दिवशी ह्यांनी ती काढून टेबलावर ठेवली होती. मी घरी जाऊन म्हटलं, "तीन वर्षांनी." दुसऱ्या वेळीही ती टेबलावर होती. मी नुसती बॅग खाली ठेवली. ह्यांनी माझा चेहरा बघितला आणि गुपचूप ती कपाटात ठेवून तिच्यावर चादरी पुन्हा रचल्या. ते मला फार लागलं.

पण आज खोटं कशाला बोलू? कडी बाहेरून होती तशी आतूनही होती. नियम माझ्या सोयीचा होता. नकाराचं पत्र कसं लिहितात हे मला पक्कं ठाऊक, म्हणून ते आपल्या नावावर येईल याची धास्ती. लोकांना 'पुन्हा पाठवा' लिहिणारी मी, मी स्वतः एकदाही पाठवलं नाही. तुमच्यापैकी ज्याला चार नकार आले आहेत, तो माझ्या चार पावलं पुढे आहे. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. मला तुमचा हेवा वाटतो.

आज दुपारी मी टपाल कचेरीत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "कागद." पाकीट त्यांनी घेतलं तरी माझा हात सुटेना. "सोडा की हो," त्या म्हणाल्या. सोडलं. दुसऱ्या एका प्रकाशनाकडे गेलंय. ही पावती. तिथलं माणूस कितव्या पानापासून वाचतं कोण जाणे! परत आलं तर उसवीन.

तेव्हा मालक, नियमाप्रमाणे माझी नोकरी दुपारी अडीच वाजताच संपली आहे. खिशातला कागद खुशाल वाचा, दिवा मी घरी नेईन. तुम्ही मला खूप वाचायला दिलंत, त्याचे आभार मानते. सहकाऱ्यांनी माझी चिडचिड सोसली, त्यांचेही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर ती चूक मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि चौथी ओळ नसलेली पत्रं ज्यांना गेली, त्यांनी जमलं तर मला माफ करा.

ह्यांनाही हे मी आत्ताच सांगते आहे. अहो, घरी गेल्यावर कपाट उघडू नका. चादरींखाली आता काही नाही.