पासष्ट वॅट आणि दोन घास

नाही, पण मला एक सांगा, माणूस जीव लावून खाऊ घालतो, त्यात माझं काय चुकलं? तुम्हाला सांगतो, आमच्या शोभाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना हो, टायफॉइड झाला, अंगाचं पार चिपाड झालं, डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आता खाण्यानंच ताकद येईल... झालं! मी कापडाच्या लूमच्या खात्यातून ड्यूटी करून गोडादऱ्याला घरी आलो की गॅस पेटवायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची, आकार विचारू नका, वर तूप, आणि भरलेलं ताट तिच्यापुढं! आता आमच्या खानदेशात वाढताना कोणी विचारतं का? पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं वाढतो आम्ही! पण ही आपली, "माले नको हो!" मी म्हणायचं, "खा, निदान माझ्यासाठी खा!" की ही भिंतीकडे तोंड करून झोपणार. रात्री तिचं ते हडकुळं मनगट बघायचो आणि दुसऱ्या दिवशी एक भाकरी जास्तच थापायचो हो मी... माझं काय चुकलं?

त्यात तो चार्जर! शोभाबाईच्या फोनचा चार्जर मेला, माझ्याची पिन त्याला बसेना, म्हणून आमची पोरगी गायत्री, नाशकाला नोकरीला असते, भेटायला आली ती तिचा लॅपटॉपचा चार्जर ठेवून गेली. केवढा तो, साबणाच्या वडीएवढा, वर लिहिलंय पासष्ट वॅट! आणि शोभाबाईचा फोन जुना, एवढासा जीव! अहो, लूमवर जन्म गेला माझा, जास्त करंट गेला की मोटारीचा धूर निघताना पाहिलाय मी! ठेवला चार्जर कपाटात. फोन बंद. तिकडे पोरगी फोन लावून लावून रडकुंडीला, शेवटी माझ्या फोनवर, "पप्पा! मम्मीला काय झालं?" म्हटलं, "मम्मी ठीक आहे, तिचा फोन वाचवलाय मी!"

हसली ना कार्टी! "अहो पप्पा, तो चार्जर आधी विचारतो!" म्हटलं, कोणाला? "फोनला! सुरुवातीला पाचच व्होल्ट. मग सांगतो, माझ्याकडे एवढं एवढं आहे, तुला काय हवं? फोन म्हणतो, मला इतकंच झेपेल. मग तेवढंच. आणि जुन्या फोनला ती बोली येतच नसेल, तर चार्जर पाच व्होल्टवरच थांबतो, जबरदस्ती नाही. फोन तापला तर तो स्वतःच कमी घेतो." म्हटलं, "आणि ते पासष्ट वॅट?" "ती त्याची ताकद, पप्पा. आहे म्हणून सगळी ओतायची नसते."

आहे म्हणून सगळी ओतायची नसते... तुम्हाला सांगतो, मी तसाच उभा, एका हातात फोन, एका हातात तिचं भरलेलं ताट! चार्जर लावला, सारखा फोनला हात लावून बघतोय, पण फोन आपला मस्त! मग गेलो शोभाबाईपाशी, अख्ख्या संसारात पहिल्यांदा विचारलं, "किती वाढू?" ती बघतच राहिली माझ्याकडे! म्हणाली, "वरणभात. दोन घास." तेवढाच वाढला आणि गप्प बसलो. गप्प बसणं किती अवघड असतं, कधी बसून बघा! खाल्लं हो तिनं... आणि ताटली पुढं केली, "अजून थोडा द्या." डोळ्यांतून पाणी आलं माझ्या, फोडणीचा ठसका म्हटलं तिला, फोडणी नसताना!

असं विचारत विचारत बाई भाकरीवर आली, आणि काल बघतो तर पदर खोचून ओट्याशी उभी! मी हातपाय धुऊन बसलो, ताटात तीन भाकऱ्या, वर भरीत, वर तूप... म्हटलं, "अगं, आधी विचारायचं असतं, समोरच्याला किती झेपतं ते! चार्जरसुद्धा..." तर तिनं चौथी टाकली! "गुपचूप खाई ल्या!"

खाल्ल्या हो, चारही खाल्ल्या! पार तापलो, पण कमी कसं घेणार, मी काय फोन आहे?