एकाच पायात मोजा

हॅलो? … धाकटे, मी दादा. … हो, आपणहून फोन केलाय. … नाही गं, तब्येत ठीक आहे. तुझं ते पत्र… दीड वर्ष झालं त्याला. आईबरोबर तुझा लहानपणीचा एक तरी फोटो आहे का, असं विचारलं होतंस. … हो, हो, उत्तर नाही दिलं. 'नाही' असं लिहायचं जिवावर आलं.

अगं ऐक ना! तो भिंतीवरचा फोटो… आईच्या मांडीवर बाळ. … तोच, तुझ्या लेकीने ग्रुपवर टाकलेला. सगळ्यांनी अंगठे पाठवले, 'दादा किती गोंडस!' … बरोबर, माझाही तोच समज होता.

मागच्या आठवड्यात शर्टाला बटण हवं होतं. आईचा शिवणाचा डबा उघडला, तर तळाशी निगेटिव्ह. … हो, त्याच फोटोची! फोटोवाल्याकडे नेली. तो म्हणाला, फोनवर पाठवतो की आजोबा, कागद कशाला? म्हटलं, कागदच दे बाबा.

आणि अख्खा फोटो छापून आला, तर कडेला एक पोरगा उभा! फ्रेमवाल्याने चौकटीत बसवायला त्याला कापूनच टाकलं होतं. … असेल पाचेक वर्षांचा. हातात पुस्तक, तेही उलटं. … हस, हस. कान बघून मलाही शंका उरली नाही, तो मीच.

मग मांडीवर कोण? … आपण दोघंच ना भावंडं? … बोल ना. … तू, वेडाबाई! तूच!



फोनवर? … येईल गं पाठवता. पण… कसं सांगू, चुकतही असेन मी… फोनवर पाहिला की बोट लगेच पुढे सरकतं. हा तीन दिवस टेबलावर पडलाय. पहिल्या दिवशी कान दिसले. काल चहा पिताना दिसलं, तुझ्या एकाच पायात मोजा आहे. दुसरा आईच्या मुठीत! … मला काय माहीत, तूच भिरकावला असशील. … आज सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. … नाही, सांगणार नाही. तूच शोध.

पोस्टाच्या पेटीसमोर उभा आहे. दुमडू नये म्हणून पुठ्ठा घातलाय. पत्रही आहे… चारच ओळी. बऱ्या जमल्यात की नाही, देव जाणे. … वाचून? नको, लाज वाटते. … गहाळ झालं तर? तेच मनात घोळतंय मघापासून. पण निगेटिव्ह आहे ना माझ्याकडे.

हो, हो, टाका ना तुम्ही आधी… तुला नाही गं, मागे एक बाई खोळंबल्यात.

काय म्हणालीस? … दीड वर्ष थांबलीस, आता चार दिवस… बरं. … बरं, टाकतो.

टाकलं. … अगं, खरंच टाकलं. आता परत काढताही यायचं नाही. … रडू नकोस गं. … ठेवतो. … हो, मिळालं की फोन क… नको. पत्रच लिही.