हिरव्या पडलेल्या चोचीबाबत

नाव कुमुदिनी बळवंत दळवी. वय सत्तरच्या पुढे, नक्की आकडा आईला ठाऊक होता. धंदा घर चालवणे. ठाण्याचे कारकून मुंशीजी, त्यांनी त्या जागी ‘कुछ नहीं’ लिहिले होते, ते खोडायला लावले. शिक्षण मराठी दुसरी, सही येते. राहणार वैशाली, गाझियाबाद, नवीन इमारत, लिफ्ट आहे पण चालत नाही. मी मराठीतून बोलते आहे, सून लतिका लिहून घेते आहे, त्यावरून मुंशीजी हिंदी करणार आहेत. नोव्हेंबर १९९६.

पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, कोणी न बोलावता, सांगते की, माझे पती कै. बळवंत फौजेच्या बँडात सॅक्सोफोन वाजवीत. त्या वाद्याचा जो भाग तोंडात धरतात तो माउथपीस. बदकाच्या चोचीसारखा दिसतो म्हणून आमच्या घरात त्याला चोच म्हणतात. जुन्या चोची कडक काळ्या रबराच्या असतात, जुने शाईचे पेन असायचे तशा. खालच्या सपाट भागावर वेताची पट्टी बसते. तो भाग झिजला की वाद्य किंचाळते. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो पुन्हा सरळ घासावा लागतो. हात जरा जास्त फिरला तर चोच कायमची गेली. हे काम पतींनी मुलाला, सुधाकरला, शिकवले. सुधाकर नोएडाला टीव्हीच्या कारखान्यात नोकरीला आहे. संध्याकाळी हे करतो. कोणती चोच कुठल्या काळातली, अस्सल की नकली, किंमत काय यावी, हेही दिल्लीचे वाजवणारे त्यालाच विचारतात. दुकान नाही, पाटी नाही. त्याच्या शब्दावर येतात. तो शब्द गेला तर काच पुसून ठेवायची.

फिर्यादी दिलीप भटनागर दिल्लीत एका हॉटेलात वाजवतात. त्यांचे म्हणणे असे की, त्यांनी काळी, जुनी, अमेरिकेची चोच दुरुस्तीला दिली आणि परत हिरवट, वास मारणारी नकली मिळाली. अस्सल सुधाकरने दाबली. त्यावरून सुधाकरला कामावरून इथे आणून बाकड्यावर बसवले आहे.

खरी हकीकत अशी. आमच्या बाल्कनीला रंग लागतो आहे, म्हणून सुधाकरने तयार झालेली चोच रात्री स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. सकाळी मी पाहिली. परक्या माणसाच्या तोंडातली वस्तू, माझ्या पोळपाटाशेजारी! उष्टे ते उष्टे, मग ते अमेरिकेचे असो. मी चहाच्या पातेल्यात पाणी उकळून तिच्यावर ओतले, राखेने नाही, साबणाने घासली, पुसून तिच्या पिशवीत घातली. पाणी ओतल्यावर ती हिरवी पडली आणि सडक्या अंड्याचा वास आला. मला वाटले, मळ निघाला. सुधाकर कामावर गेल्यावर भटनागर आले, लतिकाने पिशवी न उघडता त्यांना दिली.

जुन्या रबरावर गरम पाणी घालायचे नसते, ते हिरवे पडते, हे घरात सर्वांना माहीत होते. मला कोणी सांगितले नव्हते, कारण पतींची चोच मी कधी उकळली नाही. ती कपाटात आहे. किंमत करून घ्यायची नाही.

सुधाकरने इथे ती हिरवी चोच पाहताच हे कोणाचे काम ते ओळखले असणार. तरी तो ‘चीज़ इन्हीं की है’ एवढेच बोलला. माझे नाव घेतले नाही. का, ते त्यालाच विचारावे.

मी आत आल्यावर इथल्या फौजदारांनी, दरोगाजींनी, विचारले, “मराठा? पानिपतवाले?” मी म्हटले, “हां, पर इस बार हारने नहीं आई.”

मग मी भटनागरांना दात दाखवायला सांगितले. ते म्हणाले, “माताजी, ये थाना है, डॉक्टर की दुकान नहीं.” दरोगाजी म्हणाले, “दिखा दो, भाई.” त्यांच्या वरच्या एका दाताचा कोपरा तुटका आहे. चोचीच्या पाठीवर दातांचे दोन खड्डे आहेत, एक पुरा, एक अर्धा. घासताना मी ते पाहिले होते, साबण तिथेच अडकत होता. सुधाकर पाठीला हात लावत नाही, खालूनच घासतो. भटनागरांनी चोच तोंडात धरली. दात खड्ड्यांत बसले. मी म्हटले, “अब बजाओ.”

त्यांनी पेटीतले वाद्य काढून वाजवले. वरच्या सुरात जिथे किंचाळायचे म्हणून दुरुस्तीला दिले होते, तिथे ते लोण्यासारखे गेले. शिपाई बाहेरून आत आले. कोठडीतल्या एकाने फर्माइश केली, ती मी लिहवत नाही.

भटनागर म्हणाले, “सुधाकर भाई, ये तो पहले ऐसी कभी नहीं बोली.” त्यावर सुधाकर म्हणाला की, रंग गेल्यामुळे जुन्या वस्तूंचे शौकीन आता हिची किंमत कमी करतील. हे त्याला कोणीही विचारले नव्हते. मी कोपर मारले, तरी बोलला. बापावर गेला आहे. भटनागर म्हणाले, “बेचनी किस कमबख़्त को है?” आणि तक्रार मागे घेतो असे सांगितले.

त्यानंतर चोच दरोगाजींनी फुंकून पाहिली, दोन शिपायांनी फुंकून पाहिली. मी म्हटले, “इधर दो, धो देती हूँ.” त्यावर सुधाकर, भटनागर आणि लतिका एकदम ओरडले. मला ओरडण्यासारखे काही वाटले नाही. थंड पाण्याने म्हणणार होते.

माझी कोणावर तक्रार नाही. मुलाला घरी न्यायचे आहे, तो सकाळपासून जेवलेला नाही.

वरील मजकूर लतिकाने मला मराठीत आणि मुंशीजींनी हिंदीत वाचून दाखवला. दोन्हीकडे मी बोलले तेच आहे, हिंदीत जरा नरम आहे. मला सही येते, हे वर सांगितलेच आहे. परंतु मुंशीजींनी पुढे केलेल्या पेनाचे मागचे टोक चावलेले आहे, म्हणून अंगठा देत आहे.